टण की डब?

“खाली काय आहे?” टाइल्सच्या दुकानातल्या पोरानं विचारलं.

“खाली काका-काकू राहतात. सज्जन माणसं आहेत,” मी म्हणालो.

“तसं नाही सर. आत्ता जमिनीला काय आहे? कोबा, शहाबादी, मोझॅक?”

तोवर आम्ही दोघं फार खुशीत होतो. दोन बाय दोनची, पांढऱ्यावर करड्या रेघा ओढलेली, वाकून पाहिलं तर स्वतःचं टक्कल दिसेल इतकी चकचकीत टाइल पसंत पडली होती. तिचं नाव इटालियन होतं आणि खोक्यावरचा पत्ता मोरबीचा. बायकोनं तिच्यावरून दोनदा हात फिरवला, मी किमतीवरून एकदा नजर फिरवली, आणि माझ्या हिशेबानं विषय संपला. टाइल आणायची, मिस्त्री येणार, लावून जाणार, आपण सत्यनारायण घालायचा. ती टाइल ज्या जमिनीवर बसणार, त्या जमिनीचंही काही म्हणणं असेल हे आमच्या गावीही नव्हतं.

“मोझॅक आहे,” मी म्हणालो. “भक्कम. 1984 सालची.”

“मग आधी जमीन तयार करून घ्या,” असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

जमीन तयार करून घ्या! चाळीस वर्षं जिच्यावर आम्ही उठलो, बसलो, पंगती घातल्या, ती जमीन अजून तयारच नव्हती म्हणे.

मराठी माणसाचे पाय जमिनीवर असतात असं आपण अभिमानानं सांगतो. पण ती जमीन क्वचितच मराठी असते. शेणानं सारवलेली होती तेवढीच काय ती आपली. शहाबादी आली ती कर्नाटकातून, ओट्याला कडप्पा आला तो आंध्रातून, जिन्याला कोटा आला तो राजस्थानातून, आणि आता टाइल्स गुजरातेतून. त्यातल्या त्यात मोझॅक घरची. सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक खडे घालून दाबून काढलेली, दहा इंच चौरस, जाडीला इंचाहून थोडी कमी. बसवून झाली की तिच्यावर पाणी ओतून मशिन फिरवायचं, राखाडी चिखलात घोटे बुडायचे, मग ऑक्सॅलिक ॲसिड, मग मेण. वडिलांनी या पॉलिशचे वेगळे पैसे मोजले होते, आणि ते किती मोजले हे पुढे आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. पाहुणा चप्पल काढतो न काढतो तोच, “जरा जपून, पॉलिश आहे,” हे वाक्य यायचं. घसरणारा पाहुणा त्यांना मनापासून आवडायचा.

अशा या फरशीचं काय करायचं, या प्रश्नावर समाजात दोन पक्ष आहेत. एक फोडा पक्ष, दुसरा वरून-लावा पक्ष. पहिला मिस्त्री आला तो फोडा पक्षाचा. दारातूनच म्हणाला, “सगळं उकरून काढायचं साहेब. स्लॅब दिसला पाहिजे.” दुसरा आला तो वरून-लावा पक्षाचा. तोही दारातूनच म्हणाला, “कशाला उगाच फोडाफोडी? वरून मारून देतो, तुम्हाला कळणारसुद्धा नाही.” दोघांनीही जमिनीकडे पाहिलं नव्हतं. पुढे चौकशीत असं निघालं की पहिल्यानं नवीन ब्रेकर मशिन हप्त्यावर घेतलं होतं आणि दुसऱ्याला सोमवारी दुसरीकडे काम धरायचं होतं. तात्त्विक मतभेद बहुतेक असेच असतात.

आमचा कल सुरुवातीला फोडण्याकडे होता. मुळापासून काम करावं, हे ऐकायला बरं वाटतं. मग मी कागद घेऊन बसलो. 500 चौरस फूट म्हणजे 46 चौरस मीटर. मोझॅक 22 मिलिमीटर, तिच्याखाली सिमेंट-वाळूचा थर दोन इंच. गुणाकार केला तर उत्तर आलं जवळजवळ 7 टन. बायकोनं करून पाहिला. मेव्हण्यानं फोनवर करून पाहिला. सातच. म्हणजे आम्ही इतकी वर्षं सात टनांवर पाट मांडून पोहे खात होतो. एका पोत्यात पंचवीस-तीस किलो धरले तर 250 पोती. मजला तिसरा. लिफ्ट नाही. आणि हा राडारोडा रात्रीच्या अंधारात नदीकाठी रिता करायची जी जुनी वहिवाट आहे, ती 2016 च्या नियमांनी निदान कागदावर तरी बंद केलेली. राडारोडा ज्याचा, जबाबदारी त्याची.

मी सेक्रेटरींना भेटायला गेलो.

“तोडफोड सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा,” ते म्हणाले. “मधे लोक झोपतात.”

“आणि रविवारी?”

“रविवारी लोक दिवसभर झोपतात. दुसरं, पोती जिन्यातून न्यायची नाहीत.”

“पण आपल्याला लिफ्ट नाही.”

“म्हणूनच सांगतोय. जिना एकच आहे, तो जपायला हवा.”

तिथून मी एक मजला उतरून खालच्या काकांकडे गेलो. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “माझी काही हरकत नाही हो. तुमचं घर, तुमची फरशी,” असं म्हणून त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि बायपासचा व्रण दाखवला. काकूंनी न विचारता चहा आणला. मी तो प्यायलो आणि वर येऊन वरून-लावा पक्षात प्रवेश केला. सोसायटीच्या इंजिनिअरनंही, वर आणखी टन-सव्वा टन चढेल, पण स्लॅबला चालेल, असा निर्वाळा दिला.

तिसरा मिस्त्री लातूरकडचा. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या, तांब्याभर पाणी प्यायलं आणि काहीही न बोलता जमिनीवर उकिडवा बसला. पिशवीतून वीतभर लांबीची सळी काढली आणि डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून पाहतो तसा एकेक फरशी वाजवत निघाला. टण. टण. टण. टण. डब.

तो थांबला. आमचेही श्वास थांबले.

“डब वाजली,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“खाली पोकळ हाय. हिनं कवाच जमीन सोडलीया. वरून बगा कशी गुळगुळीत. पर हिच्यावर नवी बसवली, तर दोघी मिळून सुटतील.”

त्यानं खडूनं त्या फरशीवर फुली मारली आणि पुढे सरकला. मला वाटलं होतं, अशा दोन-चार निघतील. पण जसजसा तो खिडकीकडे जाऊ लागला तसतशा टणांमध्ये डबांची संख्या वाढू लागली. काही फरश्या तर अशा होत्या की एका कोपऱ्यात टण, दुसऱ्यात डब. त्यांना अर्धी फुली.

त्या दिवसापासून मला नाद लागला. सळी मिस्त्रीची होती, म्हणून मी रुपयाचं नाणं घेतलं. नाण्यानं आवाज अधिक स्वच्छ येतो, हे मी अनुभवानं सांगतो. ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आधी चार फरश्या वाजवायच्या. जेवताना पानाशेजारी वाजवायची. एकदा मध्यरात्री पाणी प्यायला उठलो आणि पलंगाखाली शिरलो.

“कसली टकटक रे ही रात्रीअपरात्री?” आतून आईचा आवाज आला.

“काही नाही आई, डब शोधतोय.”

“शोध बाबा. तुझ्या वडिलांना निदान पत्त्यांचा नाद होता.”

पंधरवड्यात हॉलभर फुल्या झाल्या. शेजारच्या आजींना आमच्याकडे कसलीतरी शांत आहे असं वाटलं आणि त्यांनी दक्षिणेचं विचारलं. कुरिअरवाला पोरगा फुली नसलेल्या फरश्यांवर पाय ठेवत, उड्या मारत आत आला, सही घेतली आणि तसाच उड्या मारत गेला. मुलाचे मित्र तर मुद्दाम लंगडी खेळायला येऊ लागले.

मग उचलण्याचा दिवस आला. मिस्त्रीनं पहिल्या फुलीच्या सांध्यात छिन्नीचं टोक घातलं, जरासं दाबलं, आणि फरशी विनातक्रार वर आली. चाळीस वर्षं तिला कुणीतरी विचारण्याचीच काय ती वाट होती. खाली कोरडी वाळू, बोटांतून भुरभुर गळणारी. सिमेंट नावाला. वाळूतून मुंग्यांनी आखलेला एक सरळ रस्ता थेट स्वयंपाकघराकडे गेलेला. आणि बरोबर मधोमध विझवलेलं विडीचं थोटूक. त्याला गुंडाळलेला लाल दोरासुद्धा शाबूत होता.

“मिस्त्री जेवून बसला असंल दुपारचा,” आमचा मिस्त्री आपल्या पूर्वसुरीविषयी आदरानं म्हणाला.

आई काठी टेकत पुढे आली, वाकून थोटूक बघितलं आणि सरळ उभी राहिली. “मी तेव्हाच यांना म्हणत होते, तो माणूस सारखा विड्या ओढतो, काम करत नाही. यांनी ऐकलं नाही.” इतक्या वर्षांनी आईचा दावा मुद्देमालासकट शाबीत झाला. ऐकून घ्यायला वडील नाहीत, म्हणून तिनं निकाल माझ्याकडे बघून वाचून दाखवला. ते थोटूक तिनं टाकू दिलं नाही. ते देव्हाऱ्याच्या खालच्या खणात एका डबीत आहे.

पोकळ फरश्या काढून खड्डे भरले, तेव्हा आम्हाला वाटलं, झाली तयारी. मिस्त्रीनं पिशवीतून पारदर्शक नळी काढली. “आता लेव्हल,” तो म्हणाला.

नळीत पाणी भरायचं, एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहतं, हे निसर्गाचं काम. माझं काम फक्त न हलण्याचं, आणि तेवढंच मला जमत नव्हतं.

“साहेब, पानी हलतंय.”

“मी नाही हलत.”

“मग बुडबुडा आसंल.”

बुडबुडा होता. नळीत बुडबुडा राहिला की पाणी खोटं बोलतं. तो काढायला आम्ही नळी झटकली आणि बुडबुडा सोडून बाकी सगळं पाणी माझ्या अंगावर आलं. तेवढ्यात मेव्हणा आला. त्याच्या फोनवर लेव्हल पाहायचं ॲप होतं. “तुम्ही कुठल्या जमान्यात आहात?” असं म्हणत त्यानं फोन जमिनीवर ठेवला. ॲपनुसार आमची जमीन रस्त्याकडे कलली होती. फोन उलटा फिरवला तर ती अंगणाकडे कलली. स्वयंपाकघरात मागच्या बिल्डिंगकडे. फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा आहे आणि त्यामुळे फोन कुठेही ठेवला तरी तिरकाच राहतो, हे मिस्त्रीनं लक्षात आणून दिलं तेव्हा मेव्हण्याला अचानक काम आठवलं.

मोठ्या टाइल्सना जमीन फार सपाट लागते. दहा फुटांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त वरखाली चालत नाही. दहा इंची मोझॅकचं तसं नव्हतं; लहान तुकडे उंचसखल जमिनीवरही जमवून घेतात. मिस्त्रीनं ॲल्युमिनियमची लांब पट्टी आडवी टाकली. पट्टीखालून आधी माझं नाणं गेलं, मग दोन नाणी, मग अख्खी काडेपेटी गेली. आमच्या हॉलचा कोपरा न् कोपरा स्वयंपाकघराकडे, आणि स्वयंपाकघर फ्रिजकडे उतरत होतं.

आणि घरातलं एक मोठं कोडं सुटलं. या घरात जे पडतं ते सापडत नाही, असा आमचा अनुभव होता. आम्ही वास्तुदोषापर्यंत पोचलो होतो. फ्रिज सरकवला. मागे वाळून टणक झालेली लिंबं, आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, लसणीचे गड्डे, मुलाच्या गोट्या, 2011 साली चलनातून गेलेले चार आणे, आणि कॅरमची राणी. या राणीवरून 1996 साली मी आणि मेव्हणा वर्षभर एकमेकांशी बोललो नव्हतो. त्यानं ती खिशात घातली असा माझा पक्का आरोप होता. राणी बिचारी उताराला लागून घरंगळत गेली होती. मी तिचा फोटो त्याला पाठवला. उत्तर आलं, “बघ. मी तेव्हाच म्हटलं होतं लेव्हल चेक कर.”

उंच भाग घासायचे, सखल भाग भरायचे असं ठरलं. पण त्याआधी मिस्त्रीनं जे वाक्य उच्चारलं, त्यानं घर पेटलं.

“जमीन घान हाय,” तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. पाठोपाठ आई. या दोघींचं एकमत मी लग्नानंतर क्वचितच पाहिलंय.

“काय आहे?” बायकोनं विचारलं.

“चिकट हाय वैनी. ह्याच्यावर टाइल चिकटवायचं केमिकल धरनार न्हाई.”

“चाळीस वर्षं दोन वेळा पुसतोय आम्ही ही फरशी!” आई म्हणाली. “सणावारी सोड्यानं घासतो.”

मिस्त्री वाद घालणाऱ्यातला नव्हता. त्यानं वाटीत पाणी घेतलं आणि बोटांनी जागोजागी चार थेंब शिंपडले. पाणी जिरलं तर जमीन स्वच्छ; थेंब गोल होऊन तसाच बसला तर खाली तेल, मेण किंवा पॉलिश. खिडकीखाली थेंब जिरला. आईनं विजयी मुद्रेनं पाहिलं. दारापाशी अर्धा जिरला. देव्हाऱ्यापुढे, जिथे इतक्या दिवाळ्यांच्या पणत्या आणि रांगोळीचे रंग झाले होते, तिथे थेंब बसला. आणि ओट्याखाली तर तो टपोरा, गोल, ताठ मानेनं उभा राहिला.

“तळनीचं तेल,” मिस्त्री म्हणाला.

“आमच्याकडे तळण फारसं होतच नाही,” बायको म्हणाली.

थेंब तसाच उभा होता. मी कोथिंबीर-वडीचा विषय काढणार होतो, काढला नाही. संसारात गप्प बसण्याच्या जागा माणसाला हळूहळू कळतात.

मग ग्राइंडर आला. गुळगुळीत जमिनीवर नवीन काही चिकटत नाही; तिला खरबरीत करावं लागतं. वडिलांनी ज्या पॉलिशसाठी वेगळे पैसे मोजले, ते काढून टाकायला मी वेगळे पैसे मोजत होतो, आणि महागाई धरूनही माझे जास्त होते. भिंतीवर वडिलांचा फोटो होता. मी त्याच्यावर धुळीसाठी म्हणून फडकं टाकलं. त्यांनी बघू नये हाही हेतू होताच.

धुळीबद्दल काय सांगावं! दारांना चादरी बांधल्या, फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या, सोफ्यावर प्लास्टिक घातलं. तरी ती बंद कपाटातल्या बंद डब्यातल्या बंद पिशवीत गेली. रव्यात गेली, लोणच्यात गेली. मुलाच्या मार्कशीटवर इतकी बसली की क्षणभर मार्क बरे वाटले. खालच्या काकांचा फोन आला. “आवाज चालेल हो,” ते म्हणाले, “पण जरा एका लयीत करायला सांगता का?”

बाथरूमचं मात्र वरून भागण्यासारखं नव्हतं. तिथे ढाळ चुकलेला होता, पाणी नहाणीच्या जाळीकडे न जाता दाराकडे यायचं. तिथलं फोडावंच लागलं, तेही छिन्नी-हातोड्यानं, काकांच्या छातीला जपत. मीटरला सेंटिमीटरभर ढाळ द्यायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, मग नहाणीचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं आणि निदान चोवीस तास खाली गळतं का ते बघायचं. म्हणजे वरचं काम आमच्याकडे, निकाल काकांकडे. आदल्या पावसाळ्यात गळतीवरून त्यांनी आम्हाला पत्र पाठवलं होतं. आता ते अधिकृत परीक्षक झाले. त्यांनी बाथरूममध्ये खुर्ची मांडली, बॅटरी घेतली आणि छताकडे बघत बसले.

“काका, गळतंय का?” मी जिन्यातून विचारलं.

“अजून नाही.”

संध्याकाळी पुन्हा विचारलं.

“अजून तरी नाही,” ते म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. पाणी गळलं नव्हतं. काका म्हणाले, “अभिनंदन,” आणि खुर्ची उचलून आत गेले. बोलण्यासारखा एक विषय त्यांच्या आयुष्यातून कमी झाला होता.

तेवढ्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की नवी टाइल साधारण नऊ मिलिमीटर, खाली केमिकल चार-पाच मिलिमीटर, म्हणजे जमीन अर्धा इंचाहून जास्त वर येणार. अर्धा इंच म्हणजे काय एवढं, असं वाटतं. पण घर अर्धा इंच वर आलं की एकही दार उघडत नाही. सेफ्टी डोअर अडतं, बाल्कनीचं सरकतं दार अडतं, आणि माळ्याखाली मोजून बसवलेला फ्रिज माळ्याला टेकतो. सुतार बोलावला. त्यानं सगळी दारं बिजागऱ्यांतून काढली, खालून कापून आणतो म्हणाला, टेम्पोत घातली आणि गावच्या जत्रेला निघून गेला. त्याचा फोन लागायचा, पण पलीकडून ढोलताशाच ऐकू यायचा.

या काळात आमच्या घरी एकही दार नव्हतं. बाथरूमला चादर होती, पण चादरीवर टकटक करता येत नाही. त्यामुळे आत असलेल्यानं गात राहायचं, असा नियम झाला. आई हरिपाठ म्हणायची. बायको भूपाळ्या म्हणायची, वेळ कुठलीही असो. मुलगा जे म्हणायचा ते ऐकून शेजारच्या आजी पुन्हा शांतीचं विचारून गेल्या. मला एकही गाणं पाठ नसल्यामुळे मी एकोणतीसचा पाढा म्हणायचो आणि मधे अडलो की बाहेरून तिघंही सांगायचे.

सुतार परतला, दारं बसली, टाइल्सची खोकी आली आणि शेवटची लढाई उभी राहिली ती केमिकलची. मिस्त्री इतर बाबतींत शहाणा माणूस, पण त्याची श्रद्धा सिमेंटवर होती. टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक असे सिमेंटचे लाडू ठेवायचे आणि ठोकून बसवायची, ही त्याच्या गुरूची परंपरा. दोन लाडवांच्या मधे राहते ती पोकळी. म्हणजे जो डब आम्ही वाजवून वाजवून घराबाहेर काढला, तो हा नव्यानं आत आणणार!

“मिस्त्री, ही व्हिट्रिफाइड आहे. हिच्यात अर्धा टक्कासुद्धा पाणी शिरत नाही. सिमेंट हिला धरणार कसं?” मी दुकानात ऐकलेलं वाक्य फेकलं.

“साहेब, सिमेंटनं धरनं बांधलीत.”

या युक्तिवादाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. शेवटी बायकोनं केमिकलची 20 किलोची गोणी पुढे ओढली, तिच्यावरचं आयएस 15477 हे मानक बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, आणि म्हणाली, “दातेरी थापीनं, सगळीकडे सारखं, एकाच दिशेनं रेघा ओढून लावा. लाडू मी करीन, सणाला.” मिस्त्रीनं मान खाली घातली आणि रेघा ओढल्या. पहिली टाइल बसवून परत उचलायला लावून तिनं पाठ तपासली. केमिकल सगळीकडे भरलं होतं. पुढचं काम निमूट झालं.

मग बिल आलं. टाइल्सचे इतके. त्याखाली ओळी: पोकळ फरश्या काढणे, खड्डे भरणे, घासणे, धुणे, लेव्हल करणे, दारं कापणे, बाथरूम, केमिकल. खालच्या ओळींची बेरीज वरच्या ओळीच्या मानेपर्यंत आली होती. पैशाचं दुःख नाही, असं म्हणवत नाही. पण खरं दुःख वेगळं आहे. मध्यमवर्गीय माणूस खर्चाला भीत नाही, तो न दिसणाऱ्या खर्चाला भितो. वडिलांना निदान घसरणारा पाहुणा मिळाला. माझा अर्धा पैसा टाइलच्या खाली कायमचा गेला. तो कुणाला दाखवू?

मी प्रयत्न केले. फोनमध्ये फोटो होते. पाहुणे आले की मी चहाआधी फोन काढायचो. “ही बघा लेव्हल पट्टी. आधी खालून काडेपेटी जात होती. आता नाणंसुद्धा जात नाही.” पाहुणे “वा” म्हणायचे आणि पुढचा फोटो सहलीचा असेल या आशेनं बोटानं सरकवायचे. पुढे ओट्याखालचा थेंब असायचा.

न सांगता कुणाच्या लक्षात येतं का, हेही पाहिलं. बायकोची मैत्रीण आली, हॉलभर फिरली, चौफेर पाहिलं. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. “काहीतरी बदललंय हं तुमच्याकडे,” ती म्हणाली. “कळलं! पंखा नवीन घेतलात.” पंखा 1998 चा. त्याच्यावरची धूळ पुसली होती, एवढंच.

आता मला एक व्यसन उरलं आहे. परवा चुलतभावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. त्यानं आम्हाला सगळं फिरवून दाखवलं: फॉल्स सीलिंग, छुपे दिवे, सांगितल्यावर आपोआप बंद होणारे पडदे. जमीन तर अशी की पाय ठेवायला संकोच वाटावा. मी “वा, वा” म्हणत होतो. जेवताना माझ्या हातून चमचा पडला. मग सोफ्यापाशी किल्ल्या पडल्या. खिडकीजवळ चष्मा पडला. प्रत्येक वेळी उचलायला वाकलो की जरा जास्त वेळ लागायचा. “वय झालं दादा तुझं,” चुलतभाऊ म्हणाला. मी हसून मान डोलावली.

खाली पार्किंगमध्ये येईपर्यंत बायको काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर काच वर केली आणि हळूच विचारलं, “किती हो?”

“हॉलमध्येच अकरा डब. बेडरूममध्ये शिरता आलं नाही.”

“पडद्यांवर उधळलेन सगळं,” ती म्हणाली आणि हात पुढे केला. “पुढच्या वेळी पर्स ठेवायला म्हणून मी जाते आत. ते नाणं द्या माझ्याकडे.”